शेवटच्या चिठ्ठीचा आकडा

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात बावीस वर्षं काढलेल्या त्या बाईंना सगळे पंपबाईच म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की पंपाचं कुठं दुखतंय ते त्यांना कळे.

त्या पंपांवर सेन्सर बसवायचं काम नेमकं त्यांच्या सुनेकडे आलं. तिचं एकटीचं हे पहिलंच काम. आठ दिवसांची चाचणी होती आणि त्यात पंप जळला तर काम हातचं जाणार होतं. काळजीने पंपबाई तिच्या मागे मागे फिरत राहिल्या, पण तोंडी प्रश्नच प्रश्न. सेन्सरची एवढीशी डबी लांबच्या ऑफिसशी बोलते कशी?

सूनबाईने समजावलं. डबी कुणाशी थेट बोलत नाही. चार अक्षरांची चिठ्ठी मधल्या टपालघरात टाकते, ज्याला हवी तो तिथून घेतो. चिठ्ठी हलकी, म्हणून नेटवर्क रडतखडत असलं तरी पोचते. शेवटची चिठ्ठी टपालघर जपून ठेवतं आणि विचारेल त्याला तीच दाखवतं.

"आणि चिठ्ठी टाकणारीच मेली तर?"

"आई, तुम्हाला आधी मरणच कसं हो सुचतं?"

"पोरं वाढवलीत, म्हणून."

सूनबाई हसली आणि कामाला लागली.

पाचव्या दिवशी दुपारी पत्रा तापून पंपघराची भट्टी झाली होती. पंपघरातल्या पडद्यावर दोन नंबरच्या पंपाच्या तापमानाचा आकडा मात्र सकाळपासून सत्तेचाळीसवरच. ऊन चढलं की हा पंप पाच-सहा अंशांनी चढतो, हे पंपबाईंना पाठ होतं. बेअरिंगजवळ हात नेला, तर चटका बसला. त्यांनी तो पंप बंद करून तिसरा चालू केला आणि सुनेला फोन लावला.

ती येऊन बघते तो थरथरीने डबीची वायर सुटली होती. पडदा सकाळचीच चिठ्ठी दाखवत बसला होता. पंप मात्र वाचला.

सूनबाईचा चेहरा उतरला. डबीला टपालघराकडे आधीच निरोप देऊन ठेवता येतो, ती हळूच म्हणाली. मी गप्प झाले तर सगळ्यांना कळवा, असा. तो सूनबाईने नंतर टाकू म्हणून राहू दिला होता.

"मग आता टाक. मजकूर मी सांगते. लिही, आकड्यावर जाऊ नका, हात लावून बघा."

सुटलेली वायर जोडून सूनबाईने तसंच लिहिलं आणि ती मुद्दाम परत काढली. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. अर्ध्या मिनिटाने तो लाल झाला, त्यावर पंपबाईंचं वाक्य.

पंपबाईंनी स्वतःच वायर परत जोडली.

"आता मी काढते," त्या म्हणाल्या. "तू सेकंद मोज."