अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगतो. पुंडलिकनगरात पंधरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. मशीन बंद पडलं की कारण असतंच, आणि ते मी शोधतोच. फक्त ही एक केस सोडून...

दुष्काळाचा उन्हाळा होता. चहूबाजूंनी नव्या इमारती उठत होत्या, प्रत्येकीचा बोअर आधीच्यापेक्षा खोल, आणि आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा. अशा भर दुपारी लासूर स्टेशनच्या जोगदंड मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. शाळा सांभाळून सहा वर्षं लिहिलेला पीएचडीचा प्रबंध त्यात. जमा करायची शेवटची तारीख उद्याची, दुसरी कॉपी नाही — आणि लॅपटॉपला एसएसडी, म्हणजे सगळा डेटा साठवणारी डिस्कच, दिसत नव्हती!

"काय बी करा दादा, पण तेवढं काढून द्या."

"निर्धास्त बसा मॅडम," मी म्हणालो.

लॅपटॉप चालू होतानाच्या बायोस स्क्रीनवर एसएसडीचं नाव नाही. एसएसडी काढली, खोडरबराने पिना घासल्या, परत बसवली — नाही. दुसऱ्या लॅपटॉपला लावली, यूएसबीने जोडली — नाही. दोन तासांत माझे सगळे उपाय संपले. मॅडम डोळे पुसायला लागल्या, आणि मला स्वतःचाच राग आला.

तेव्हा आप्पा आठवले. माझे वडील. वाळूजला वायरमन होते, वर्षापूर्वी गेले. दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ते रोज तांब्याभर पाणी ओतायचे. "आधी जमिनीला पाज रं, मंग मशीनला हात लाव," म्हणायचे. जमीन सुकली की अर्थिंग नीट लागत नाही, हे खरंच आहे. पण प्यायला पाणी नाही तिथे खड्ड्याला कुठलं? त्यांच्यामागे मी ते बंदच केलं होतं.

एसएसडी परत मॅडमच्या लॅपटॉपमध्ये बसवली. मग चिडूनच उठलो, माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी खड्ड्यात ओतलं, येऊन बटण दाबलं... एसएसडी हजर!

प्रबंध पेनड्राइव्हवर घेतला, दोनदा उघडून बघितला. "दादा, लई उपकार झाले," मॅडम म्हणाल्या. मीही कॉलर ताठ केली. मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर एसएसडी गायब. ती आजतागायत दिसलेली नाही.

अर्थिंगमुळे झालं म्हणावं, तर लॅपटॉप बॅटरीवर होता. चार्जर मॅडमच्या पिशवीत, म्हणजे दुकानाच्या विजेशी त्याचा संबंधच नव्हता. आणि संध्याकाळी दुकान बंद करताना मागे गेलो... मी जेमतेम ग्लासभर पाणी ओतलं होतं. खड्डा काठोकाठ भरला होता. नळ कोरडे, टँकरला अजून चार दिवस.

कारण मला अजून सापडलेलं नाही. तांब्याभर पाणी मात्र रोज ओततो. त्या संध्याकाळी खड्ड्याशेजारी बसलो आणि, आप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच, पोटभर रडलो.