दावणीच्या गव्याची शिकार

आधीच सांगून ठेवते. जर्मनीत थंडीतली "बायसन-शिकार ट्रिप" बुक करायचा कुणाचा विचार असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा आणि मग काय करायचं ते करा. मी स्वतः मटण चवीनं खाते, शिकार म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. तरी परत येऊन इतके दिवस झाले आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

खूळ नवऱ्याचं. समीर स्टुटगार्टला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मूळचा राधानगरीकडचा. गव्याच्या गोष्टी ऐकतच वाढलेला. उसात शिरलेला गवा, घाटात मोटारसायकल उडवणारा गवा, असलं सगळं. इथे ऑफिसातल्या उवेच्या नादाला लागून त्यानं वर्षभर शनिवार-रविवार घालवले आणि शिकारीचा परवाना काढला. परीक्षा अशी की आमचं इंजिनिअरिंग त्यापुढे पोरखेळ. मग एक दिवस उवेनं बव्हेरियाच्या पूर्वेकडच्या, चेक सीमेजवळच्या एका फार्मची जाहिरात दाखवली. बायसनयाग्ड, म्हणजे बायसनची शिकार! बर्फ, जंगल, मचाण! समीर लगेच हवेत. "अगं, बायसन म्हणजे आपला गवाच!" फी ऐकून मी म्हटलं, एवढ्यात आपण मे महिन्यात भारतात जाऊन येऊ. पण "आयुष्यात एकदाच" हे त्यानं इतक्यांदा ऐकवलं की मी हात टेकले.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या. मला वाटलं, त्या तरी लेकाला अडवतील. कसलं काय! "गवाच ना? जाऊ दे की. आमच्याकडं लोकांच्या जिवावर उठलाय तो," म्हणाल्या आणि संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्या डब्यात भरायला लागल्या.

शुक्रवारी सकाळी निघालो. समीर, मी, आई, म्हणजे सासूबाई, आणि आमची आठ वर्षांची इरा. उवे त्याच्या गाडीनं परस्पर येणार होता. रस्ता सोपा आहे. हाइलब्रॉनपर्यंत ए-एक्क्याऐंशी, मग ए-सहा धरून न्यूर्नबर्गच्या पुढे. विंटर टायर हवेतच, शेवटचा घाटरस्ता अगदी निसरडा. आईंकडे बर्फातले बूट नव्हते म्हणून वाट वाकडी करून हेर्त्सोगेनआउराखच्या आउटलेटमध्ये शिरलो. तिथे आईंना लहान मुलांच्या विभागातले गुलाबी बूट बसले. स्वस्तात पडले, त्यामुळे त्या खूश. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "ओमा, सुपर!" म्हणाली. आई म्हणाल्या, "ओमा नाही, आजी म्हण."

फार्मवर पोचलो तेव्हा उजेड होता. मालक उंच, लाल गालांचा, बोलायला गोड. म्हणाला, या, कळप बघा. मी जंगल शोधत होते. जंगल होतं हो, पण जाळीच्या आत. माणसाच्या दीडपट उंच तारेची जाळी, आणि आत दहा-बारा बायसन गवताच्या गठ्ठ्यांभोवती रवंथ करत उभे! प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला.

त्यातला एक, डावं शिंग टोकाला तुटलेला, आम्हाला बघून डुलत डुलत थेट जाळीपाशी आला. केवढं धूड, पण डोळे गरीब. आईंनी मालकाकडे बोट करून "देऊ का?" असं खुणेनं विचारलं. तो हसून "जा, जा" म्हणाला. इथे "जा" म्हणजे हो. आईंनी डबा उघडला, गुळपोळी मोडली आणि जाळीतून पुढे केली. त्यानं लांबलचक जीभ काढून अलगद उचलली.

"बाई गं! बेंदराला आमचा बैल अशीच खायचा," आई म्हणाल्या आणि आणखी एक दिली. मग मला म्हणाल्या, "मीरा, हा कसला गवा? हे तर दावणीचं जनावर आहे."

मालक माझ्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाला, "हा सगळ्यांकडे येतो. म्हणूनच उद्याला हाच निवडलाय. तुमच्या नवऱ्याला सोपा जाईल."

मी समीरकडे बघितलं. तो जाळीकडे बघत होता.

मुक्काम आणि जेवण गावातल्या गास्टहाउसमध्ये. बटाट्याचे गोळे आणि मशरूमचं दाट सार, शाकाहाऱ्यांनाही चालेल असं. आई दमून खोलीतच राहिल्या, इराही त्यांच्यापाशी. तोवर पोचलेल्या उवेला मी धारेवर धरलं. याला शिकार म्हणतात का रे? पळायला जागा नाही, चहूकडे जाळी!

"आल्झो, मीरा," तो 'असं बघ' अशा समजुतीच्या सुरात म्हणाला, "आम्ही जनावराचा मान ठेवतो. मारल्यावर त्याच्या तोंडात हिरवी फांदी देतो. लेत्स्टर बिस्सन."

मला वाटलं, शेवटचा बायसन म्हणतोय. तर बिस्सन म्हणजे घास. शेवटचा घास! जिवंतपणी नाही, मेल्यावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समीर आपला बटाट्याचा गोळा चमच्यानं इकडून तिकडे ढकलत बसला होता.

शनिवारी सकाळी भुरभुर बर्फ पडत होता. समीर आणि उवे जाळीला बाहेरून लागलेल्या मचाणावर चढले. आम्ही तिघी मालकाबरोबर थोडं लांब, जाळीबाहेरच, हातात गरम चहाचे कप. आणि मग मालकाचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आत गेला, गवत टाकलं, आणि हॉर्न वाजवला. हॉर्न! सगळा कळप धावत आला. यांना रोज याच हॉर्नवर खायला मिळतं, आणि आज त्याच हॉर्नवर मारायचं. माझ्या माहितीत याला एकच शब्द आहे, विश्वासघात.

तुटक्या शिंगाचा गवताकडे गेलाच नाही. मचाणावर माणसं दिसली म्हणून तिकडे गेला आणि खाली मान वर करून उभा राहिला.

आईंनी कप माझ्या हातात कोंबला. "जाळी कुठवर आहे गं ही?"

"सगळीकडे, आई."

झालं. गुलाबी बुटांनी बर्फ तुडवत त्या जाळीच्या कडेनं मचाणाच्या बाजूला गेल्या आणि असा आवाज लावला की मालक दचकला. "सम्या! खाली उतर! काल मी त्याला घास भरवलाय! घास भरवलेल्याला मारतात होय रे?"

मग समीरनं रायफलमधल्या गोळ्या काढल्या, उवेच्या हातात दिल्या आणि शिडी उतरला. "आई ओरडली नसती ना," तो मला हळूच म्हणाला, "तरी मला जमलं नसतं. खायला मिळेल म्हणून बघत होता तो माझ्याकडे."

मग मी माझं सगळं जर्मन वापरलं. मालकाला म्हटलं, ही शिकार नाही, तिकीट लावलेला खाटीकखाना आहे! जाहिरातीत जंगल दाखवता, लाज नाही वाटत? तो जराही तापला नाही, हेच जास्त चीड आणणारं. म्हणाला, "कागदपत्रं सगळी कायदेशीर आहेत. फी परत मिळणार नाही. आणि तुम्ही नाही मारलात, तर पुढचे पाहुणे मारतील. त्याचं वय झालंय, हा हिवाळा तो काढणार नाही."

"गेनाऊ," उवे बुटांकडे बघत पुटपुटला. म्हणजे अगदी बरोबर.

"काय म्हणतोय तो मालक?" आईंनी विचारलं.

मी म्हटलं, "फी परत देणार नाही म्हणतोय."

"खड्ड्यात गेली फी. जीव वाचला की नाही?" असं म्हणून त्यांनी डब्यातली शेवटची पोळी काढली आणि जाळीतून त्याला भरवली.

परतीच्या रस्त्यावर आई खुशीत गुणगुणत होत्या. इरा मागून जर्मनमध्ये म्हणाली, "पण तो माणूस तर म्हणाला की..." समीरनं आरशातून तिच्याकडे बघितलं आणि ती गप्प बसली. पेट्रोलपंपावर टॉयलेटला पैसे मोजले, तर मला त्याचाही राग आला.

ट्रिप करावी का, असं विचाराल तर त्या भागात जरूर जा. डोंगर सुंदर आहेत, सार उत्तम. फक्त याग्ड शब्दाला फसू नका. समीरचा परवाना कपाटात आहे, त्याचा विषयही तो काढत नाही. आई महिनाअखेरीला परत गेल्या. तिकडून प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच, आपला गवा कसा आहे?

काल सकाळी उवेनं फोटो पाठवला. कुणीतरी अनोळखी माणूस, हिरवी टोपी, हसरा चेहरा. पुढे बर्फात आडवा पडलेला तो. डावं शिंग टोकाला तुटलेलं. तोंडात हिरवी फांदी. मी उवेला नको नको ते लिहिलं आणि फोन सोफ्यावर आपटला. तेवढ्यात तो वाजला.

"काय गं, आपला गवा कसा आहे?"

खोटेपणावर एवढा मोठा ब्लॉग लिहायला बसलेली मी.

"आजच फोटो आला, आई," मी म्हटलं. "तोंडात हिरवा घास होता त्याच्या."

"एवढ्या बर्फात हिरवं मिळतंय त्याला? बघ! चांगली आहेत हो ती माणसं. तू उगाच भांडलीस."