फोटोतला माणूस मी नव्हतो

"यानं मात्र लिहायलाच पाहिजे," दादा म्हणाले. "याचे पॉइंट होते."

फ्रँकफर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गमधला त्यांचा हॉल. रविवारची दुपार. मिसळ झालेली, चहा चाललेला. पाच-सहा मराठी घरं जमलेली आणि विषय जर्मन नागरिकत्वाच्या अर्जाचा. हल्ली आम्हा लोकांत दुसरा विषय नसतो.

म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडी करणारी, दादांच्या बायकोची म्हणजे वहिनींची भाची आली होती. तिनं विचारलं होतं, "काका, सायकलला दिवा नव्हता म्हणून मला दंड झालाय. तो अर्जात लिहायचा का?"

"छे गं. ते काही लिहायचं असतं का? तुझ्यासारख्या मुलीला कोण विचारतंय."

आणि मग माझ्याकडे वळून ते वाक्य. इथं वेगात गाडी हाकली, हातात फोन घेऊन चालवली की दंडाबरोबर सरकारी नोंदीत पॉइंट चढतो. माझ्या नावावर असे दोन चढले होते.

"नियम पाळणं घरातून यावं लागतं," दादा पुढे म्हणाले. "काहींची वाढच सवलतीत झालेली असते. इथं सवलत नाही बाबा. इथं सगळं मेरिटवर."

कोणीतरी हसलं. कोणीतरी कपात बघत राहिलं. माझी बायको दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे तिथंच बुटांच्या कपाटावर ठेवला.

मी पण हसलो. हे लिहायला जड जातंय, पण आता लिहितोच आहे तर सगळं लिहितो. मी हसलो.

ते दोन्ही पॉइंट दादांचे होते.

दादा म्हणजे माझे नातेवाईक नव्हेत. फ्रँकफर्टमध्ये नोकरीला लागलो तेव्हा ते माझे टीम लीड. पुण्याचे. आमच्यातले सगळेच त्यांना दादा म्हणायचे, म्हणून मीही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग "म्हणजे मूळचे कुठले?" मला हा प्रश्न माहीत आहे. शाळेपासून माहीत आहे. मी उत्तर दिलं. ते म्हणाले, "अरे, आपण नाही मानत असलं काही." जो मानत नाही तो विचारत कशाला बसेल, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं आणि मी ते गिळलं.

मी गाडी घेतली. सेकंडहँड, पण आमच्या घराण्यातली पहिली. दुसऱ्या गावातल्या क्लायंटकडे आम्ही दोघं त्याच गाडीतून जायचो. सकाळी दादा हात पुढे करायचे, "दे चावी." मी द्यायचो. माझी गाडी, आणि मी शेजारच्या सीटवर. डबा आणि दोघांचे लॅपटॉप मांडीवर.

ब्लिट्झर, म्हणजे रस्त्याकडेचा वेग पकडणारा कॅमेरा, पहिल्यांदा चमकला तो एका शाळेजवळ. दुसऱ्यांदा चमकला तेव्हा दादांच्या कानाला फोन होता. दोन्ही वेळा पत्र माझ्या घरी आलं, कारण गाडी माझ्या नावावर. पत्रात फोटो. गाडी कोण चालवत होतं ते सांगा, असा प्रश्न.

पहिलं पत्र मी ऑफिसात दादांना दाखवलं. त्यांनी मला कॉफी मशीनपाशी नेलं.

"हे बघ. माझं नागरिकत्वाचं चाललंय. आत्ता एकही डाग नको. तुझा कुठे अर्ज आहे? तू तुझंच नाव टाक."

"पण दादा, फोटो तुमचा आहे."

"कोण बघतंय? यांना आपण सगळे सारखेच दिसतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आपला माणूस आहेस म्हणून सांगतोय."

मी लिहिलं, मी चालवत होतो. सही केली. दंड भरला. दुसऱ्या पत्रालाही तसंच.

दादांचं खरं निघालं. त्यांचा रंग गोरा, डोळे घारे, डोक्यावर टक्कल. मी काळा, केस दाट. पण दंडाच्या ऑफिसातल्या कुणालाही फरक दिसला नाही. फरक दिसला तो माझ्या मुलीला. तेव्हा बालवाडीत होती. टेबलावरचं पत्र बघून जर्मनमध्येच म्हणाली, "पापा, हे तू नाहीस." मी म्हटलं, अंधारात तसं दिसतं. फोटो दिवसाढवळ्याचा होता.

खरं सांगायचं तर सही करताना मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. सगळ्यात कडू हेच आहे. दबावाखाली केलं असं सांगितलं असतं तर लोकांना पटलं असतं, नोकरी त्यांच्या हातात होती हे खोटंही नाही. पण मी केलं ते त्या "आपला माणूस" साठी. दादांच्या घरी गणपतीला आम्हाला बोलावणं यायचं. आरतीचं तबक माझ्या हातात द्यायचे. मला वाटायचं, सुटलो. समुद्र ओलांडला आणि सुटलो.

माझे वडील मराठवाड्यातल्या एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. मुकादम दारू पिऊन पडला की त्या दिवशीच्या न झालेल्या कामाचा मेमो वडिलांच्या नावावर निघायचा. वडील मुकाट अंगठा उठवायचे. मी कॉलेजात असताना एकदा भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, "तुमची चूक नाही तर अंगठा कशाला देता?" ते म्हणाले, "मुकादम बरा आहे. नावानं हाक मारतो."

तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. मी इंजिनिअर झालो. परदेशात आलो. वडिलांनी अंगठा दिला, मी सही दिली. एवढीच काय ती प्रगती.

त्या रविवारी आम्ही परत निघालो. मुलगी मागे, कानात गाणी. घराखाली गाडी लावली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ते तुम्हाला बोलले त्याचं मला काही नाही. त्यांना मी ओळखून आहे. तुम्ही हसलात कशाला?"



अर्ज अर्धा भरून पडलेला होता. वाहतुकीचे किरकोळ दंड त्यात सांगावे लागत नाहीत, असं बहुतेकांचं म्हणणं. नागरिकत्वाच्या ऑफिसच्या माहितीपत्रकातही तसंच होतं. गप्प राहिलो असतो तर काही अडलं नसतं. पण मी एक वेगळा कागद घेतला आणि जर्मनमध्ये लिहिलं: माझ्या नावावर दोन दंड आहेत. दोन्ही वेळा मी चालवत नव्हतो. मी खोटं सांगितलं होतं. एवढंच. दादांचं नाव लिहिलं नाही. पेन तिथवर गेलं आणि थांबलं. इतक्या वर्षांचं मीठ.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा बायकोला मेसेज आला, हळदीकुंकवाला या म्हणून. बायकोनं सरळ लिहिलं, "आम्ही येणार नाही. आणि हे अर्जात खरं काय ते लिहिणार आहेत."

तासाभरात दादांचा फोन.

"अरे, काय ऐकतोय मी? कशाला उकरतोस? किरकोळ दंड लिहायचे नसतात."

"रविवारी तुम्हीच म्हणालात, मी लिहायलाच पाहिजे."

"ती गंमत होती रे. तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं." मग आवाज खाली आला. "माझं नाव लिहिलंयस का?"

मी टेबलावरचा तो कागद जवळ ओढला.

"हे बघ, तुझा अर्ज अडकेल. बायको-पोरीचा विचार कर. आणि तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? सही तुझी आहे. मी सांगेन, मी त्या गाडीत कधी बसलोच नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. फक्त स्वच्छ दिसायला लागलं. हा माणूस पहिल्या सहीच्या दिवसापासून या वाक्यासह तयार होता. आरतीचं तबक हातात देताना, खांद्यावर हात ठेवताना, माझी चावी घेताना, हे वाक्य त्याच्या खिशात होतं.

"सांगा," मी म्हटलं. "मी माझं सांगतो, तुम्ही तुमचं सांगा."

फोन ठेवला आणि कागदावर त्यांचं नाव लिहिलं. पूर्ण.

अपॉइंटमेंटच्या दिवशी नागरिकत्वाच्या ऑफिसात टेबलापलीकडच्या बाईंनी कागदपत्रं एकेक करून तपासली. तो कागद बघून म्हणाल्या, "दंड आम्हाला नको असतात."

"कृपया वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "हे मी ठेवून घेतलं तर पुढे पाठवावं लागेल. किती वेळ जाईल सांगता येत नाही. निकाल तुमच्या विरोधातही जाऊ शकतो. हवं तर हा कागद परत घ्या. मी पाहिला नाही असं समजते."

त्या भल्या होत्या. त्यांना खरंच माझं काम व्हायला हवं होतं. बायको बाहेर बाकावर बसली होती. मुलीला सुट्टीनंतर शाळेच्या सहलीला लंडनला जायचं होतं. जर्मन पासपोर्ट असता तर व्हिसाची कटकट नसती.

"ठेवा," मी म्हटलं.

अजून उत्तर आलेलं नाही. आमच्या मराठी ग्रुपवर मला कोणी काही विचारत नाही. दोघांनी मात्र खाजगीत कळवलं की मी घरच्या भानगडी चव्हाट्यावर आणल्या. कोणाचं घर, ते मी त्यांना विचारलं.

अर्ज फेटाळला तर पुन्हा करीन. खोट्या सहीबद्दल शिक्षा असेल तर ती माझी आहे, भोगीन. दादांच्या वाट्याची भोगणार नाही. तो माणूस समोर आला तर त्याला नावानं हाक मारीन. दादा म्हणणार नाही.