सफेद्याच्या काठ्या आणि एक इंग्रजी शब्द

आमच्या घरात अक्षर म्हणून जे काही यायचं ते वडिलांच्या खाकी शर्टाच्या खिशातून, ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांच्या रूपानं. वडील केंद्र सरकारच्या एका ऑफिसात शिपाई. बदली झाली म्हणून अकोल्याहून आम्ही चंदीगडला आलो, तेव्हा आम्हा तिघांत मिळून एक रजई होती आणि थंडी कशाला म्हणतात हे एकालाही माहीत नव्हतं. आई तर पहिल्या जानेवारीत, 'काहून आनलं मले या बर्फात?' असं रोज सकाळी वडिलांना विचारायची. बर्फ कुठंच नव्हता, नुसतं धुकं असायचं. त्या घरातून मी कॉलेज पुरं केलं ते वडिलांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसाहेबांमुळे. पुढं मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण विद्येचा इतका बिनकामाचा आणि इतका जीव ओतून उपयोग करणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर झाला नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

साहेब मूळचे सोलापूरचे, विणकराच्या घरातले, एकटे. आमच्याच सेक्टरात त्यांचं तळमजल्याचं क्वार्टर होतं, पुढं अंगण, मागं एक खोली. दिवसा ते फाइली हाकायचे आणि संध्याकाळी मध्ययुगातल्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश करायचे. चंदीगडात हा कोश कोणाला हवा होता, असं विचारू नका. तो इंग्लंडातही कोणाला नको होता. एका शब्दाला एक कार्ड, कार्डं बुटांच्या खोक्यांत, खोकी पलंगाखाली, पलंगावर आणि शेवटी पलंगाऐवजी. त्यांचा एकच नियम होता, वस्तू हाताला लागल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. जुन्या वैद्यांच्या जळवांचा शब्द आला, तेव्हा साहेब सायकलवर बुडैल गावच्या म्हशींच्या तळ्यात उतरले, पोटरीला जळू लावून घेतली आणि तिला लोणच्याच्या बरणीत घालून ऑफिसात आणली. आठवडाभर तिचं पाणी बदलायची ड्यूटी माझ्या वडिलांकडे. वडील घरी येऊन म्हणायचे, "आज बाईसाहेबांची तब्येत बरी होती." दूध दारूनं फाडून प्यायच्या पेयाचा शब्द आला तेव्हा साहेबांनी, जन्मात थेंब न घेतलेल्या माणसानं, पेलाभर प्यायलं, ओकले, आणि कार्डावर लिहिलं, 'पेय. आवडणे कठीण.'

मात्र एका शब्दापाशी ते बारा वर्षं अडून बसले होते. पेल. म्हणजे रोवलेली मेढ, मेढींचं कुंपण, आणि उभ्या पट्ट्यांचं कापडसुद्धा. "कापड मला सांगू नका," ते म्हणायचे, "माझा बाप मागावर मेला. पण कुंपण कुठंय? या गावात कुंपणच घालू देत नाहीत!" खरंच होतं. घरापुढं गुडघाभर मेंदी लावायची, तीही सरकारी उंचीची, असा तिथला कायदा.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, डिसेंबरातल्या धुक्यात वडिलांच्या सायकलला ट्रकनं उडवलं. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस दुपारी चादरीत आला. डबा तसाच बंद होता. तो आईनं उघडू दिला नाही.

तेराव्यानंतर ऑफिसातून दोन कागद आले. एक क्वार्टर सोडा म्हणून, दुसरा मुलीला शिपायाची जागा देतो म्हणून, महिन्याभरात कळवा. आई लगेच तयार झाली. ती चुकली असं मी आजही म्हणणार नाही. साहेब आले आणि दारातच उभे राहिले.

"वहिनी, एप्रिलात परीक्षा आहे. पास झाली की क्लार्कच्या जागेला अर्ज करता येतो. आत्ता सही केली की जन्मभर पाण्याचे ग्लास."

"साहेब, तिच्या बापानं ग्लासच उचलले ना? उपाशी मेलो का आम्ही? हातची नौकरी भेटून राह्यली ते सोडू, अन् उद्या दुसरी नाही भेटली तं?"

साहेब खाली बघत म्हणाले, "नाही मिळाली तर माझी चूक. राहायला माझी मागची खोली आहे."

"एकट्या पुरुषाच्या घरात? मी? लोक काय म्हनतील?"

दुसऱ्या दिवशी रविवार. साहेबांनी मनीमाजऱ्याहून रेहडागाडीवर लादून सफेद्याच्या, म्हणजे निलगिरीच्या, काठ्या आणल्या आणि फाटकापासून मागच्या खोलीच्या दारापर्यंत अंगणात रोवायला घेतल्या. पुरुषभर उंच, एकाला एक चिकटून. आतून उभ्या पट्ट्यांचं कापड ताणून बांधलं. बाजारात दुकानदारानं खेस, म्हणजे तिकडची चौकड्यांची जाड चादर, दाखवला तर त्याच्यावर डाफरले होते, "ये चौकडा है, मेरे को खडा पट्टा मंगता!" संध्याकाळी अंगणाची दोन अंगणं झाली, आमचं दार वेगळं, वाट वेगळी. मग आईकडे न बघता म्हणाले, "माझ्या शब्दासाठी केलंय. चार महिने ऊनपाऊस खाल्ल्याशिवाय कुंपण कळत नाही. पलीकडे कोणी राहिलं तर बरं, नाहीतर ते कुंपण कसलं?"

आई त्या रात्री गाठोडं बांधू लागली. शिपायाच्या जागेचा कागद मुदत संपेपर्यंत तिच्या उशाखाली होता, बिनसहीचा. मुदत संपली त्या दिवशी ती जेवली नाही आणि पुढं महिनाभर साहेबांशी बोलली नाही. मी पुस्तक उघडलं की ते कापड वाऱ्यानं फडफडायचं आणि मला वाटायचं, नापास झाले तर या बाईला घेऊन जाऊ कुठं?

फेब्रुवारीत सरकारी क्वार्टरं तपासणारे इन्स्पेक्टर आले. "ओ जी, ये क्या खड़ा कर लिया? तोड़ो इसे."

"ये कुंपण नही है," साहेब म्हणाले, "ये शब्द है. चौदावी सदी का."

"बाऊजी, चौदहवीं सदी में सरकारी क्वार्टर नहीं होते थे. सात दिन."

सात दिवसांत साहेबांनी अर्ज दिला. काठ्यांच्या या रचनेस भिंत म्हणावे, की झुडूप, की फर्निचर, याचा खुलासा व्हावा. फाइल पळवायची कशी हे शिपायांना ठाऊक असतं, आणि थांबवायची कशी हे हेडक्लार्कांना. खुलाशासाठी फाइल एका सेक्टरातून दुसऱ्या सेक्टरात गेली, तिथून कायदेवाल्यांकडे, तिथून नकाशा नाही म्हणून परत. साहेबांनी नकाशा पाठवला, तो इंचांत. मीटरमध्ये मागितला गेला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी खुलासा आला की ही भिंतच आहे, पाडा. साहेबांनी स्वतः एकेक काठी उपटली. हाताला फोड आले. मग पायरीवर बसून कार्ड लिहिलं आणि मला वाचायला दिलं, 'मेढेकोट. आतल्या माणसास निवांत बसता यावे म्हणून घातलेला.' आई चहा घेऊन बाहेर आली. "साहेब, हात धुवून घ्या," एवढंच म्हणाली.

कुंपणाबद्दल त्यांना मेमो मिळाला, आणि दीड वर्षानं, निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना, बदली झाली थेट जम्मूला. खोकी जास्त होती म्हणून त्यांनी गाद्या सोडून दिल्या. पुढं सोलापूरहून त्यांची पत्रं यायची. त्यात माझ्या इंग्रजीच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केलेली माझीच पत्रं परत घातलेली असायची. मग ती थांबली. पुतण्यानं कळवलं की काका गेले, कागद बरेच होते, वाळवी लागलेली, ते काढून टाकले. मी ते पोस्टकार्ड आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी तं त्यायले एकदाही सांगितलं नाही का तुमचंच बरोबर होतं." मीही सांगितलं नव्हतं.

कुंपणाआड बसून दिलेल्या त्या परीक्षेत मी बी.ए. दुसऱ्या वर्गात पास झाले. आमच्या घराण्यात पहिलीच. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच ऑफिसात क्लार्क म्हणून रुजू झाले, आणि वर्षभरात साहेबांच्या मागच्या खोलीतून आम्ही आमच्या नावाच्या क्वार्टरात गेलो.