कुशाबाची न घेतलेली शपथ

घोटावड्याच्या कुशाबाला वाक्य सुरू करण्याआधी घसा खाकरायची सवय होती. "हं-हंम्, राम राम." "हं-हंम्, म्हशीला सरकी घातली का?" पोरं मागून खाकरत चालायची आणि तो वळला की आभाळाकडं बघायची. तो रागवत नसे. रागवायलाही माणूस शुद्धीत असावा लागतो.

सरकारनं दारूबंदी केली आणि ओढ्याओढ्याला भट्टी लागली. कुशाबा सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन पुण्याला जाई आणि येताना भट्टीवरून, रिकाम्या किटल्यांपेक्षा जास्त वाजत येई. बायको गोजराबाई त्याला भैरोबापुढं उभा करून बेलभंडार उचलायला लावी. शपथ चार दिवस टिके. शेवटी तिचा थोरला भाऊ, कासार आंबोलीचा भिवाजी, खवळला. ह्या भिवाजीचं बोलणं 'आं'नं सुरू होई आणि 'आं'नंच संपे.

"आं? देवाला भेत न्हाई व्हय पाव्हनं? मग पोराला तरी भ्या! आं?"

त्यानं कुशाबाच्या एका मुठीत बेलभंडार दिला आणि दुसरा हात थोरल्या लेकाच्या, भिकूच्या, डोक्यावर ठेवायला लावला. कुशाबानं शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली. बेंदराच्या सणाला मोडली. दिवाळीच्या आधी भिकू तापानं गेला.

गावानं तोंडावर काही म्हटलं नाही. पाणवठ्यावर मात्र धोंडाबाई हंडा घासता घासता सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची, "ताप आला म्हनं. आता ताप कुटनं आला, ते आपुन कशाला बोलायचं बया!"

कुशाबा आणखी पिऊ लागला. गोजराबाई धाकट्या लेकीला, जयाला, घेऊन माहेरी गेली. भिवाजीनं निरोप धाडला, जयाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या आणि बायकोलेक घेऊन जा. कुशाबानं नाही म्हटलं. "बगा, दारू सुटंना गड्याला," असं लोक म्हणाले. खरं एवढंच होतं की त्याला स्वतःची खात्री नव्हती, आणि आता एकच लेकरू उरलं होतं.

पौडच्या बाजारातला अन्वर शिंपी एके काळी भट्टीवर त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचा. एका बाजारी कुशाबा फाटका सदरा घेऊन गेला, तर अन्वरचे हात स्थिर. सुईत दोरा एका फटक्यात.

"हं-हंम्, काय औशिद घेतलंस रं?"

"औशिद न्हाई. पुन्याला जातुया, कॅम्पात. आपल्यासारखीच मानसं जमत्यात."

"आपल्यासारखी म्हंजी पिनारी?"

"पिनारी, पन आता न पिनारी."

"ह्ये काय त्रांगडं?"

"यडा हाईस. ऐतवारी चल माझ्यासंगं. एका शाळंची खोली हाय. तितं सगळ्यांम्होरं आपलं खरं बोलायचं, बास."

सगळ्यांपुढं खरं बोलायचं म्हणजे शपथ आलीच, असं कुशाबानं धरलं. आणि ह्या खेपेला कुणाच्या डोक्यावर हात ठेवायला लावतील, ह्या विचारानं त्याला झोप आली नाही. तरी निघताना त्यानं उपरण्याच्या टोकाला बेलाची पानं आणि भंडारा बांधून घेतला.

खोलीत पोरांची बुटकी बाकं होती आणि मोठे बाप्ये गुडघे दुमडून त्यात अडकून बसले होते. कुणी मोठ्यानं हसत होतं. देव कुठंच दिसेना. कुशाबानं टेबलावर गाठ सोडली.

"हं-हंम्. उजव्या हातात घेऊ, का डाव्या?"

हसणं थांबलं. हैबतराव नावाचे एक पेन्शनर हवालदार उठले.

"बेलभंडार? बांध, बांध परत! मी जन्मभर भट्ट्या फोडल्या. समजलं? पंचनाम्यापुरती ठेवायची, बाकीची पोटात. आईची आण घेतली, देवाची घेतली, सगळ्या मोडल्या. समजलं? इथं शपथ नसते. आज प्यायची नाही. उद्याचं उद्या."

"आन पिली तर?"

"तर परत यायचं. आणखी काय?"

कुशाबानं बेलभंडार परत उपरण्याच्या टोकाला बांधला. "ही तुमची बैठक कवापासनं भरती, सायेब?"

"पानशेतचं धरण फुटलं, त्याच्याही आधीपासून."

म्हणजे भिकू होता तेव्हाही ती भरत होती. त्याच कॅम्पात तर कुशाबा दूध घालत होता. तो बाकावर बसला आणि न खाकरता म्हणाला, "म्या माझं पोरगं घालिवलं."

तसं नाही, असं कुणी म्हटलं नाही. होय, असंही कुणी म्हटलं नाही. अन्वरनं त्याच्या हातात चहाची कपबशी दिली आणि ती सांडू नये म्हणून खालून धरून ठेवली.

बरेच ऐतवार गेल्यावर कुशाबा कासार आंबोलीला गेला. अंगणात जया पळत आली आणि पायांना बिलगली. त्याचा हात उठला, तिच्या डोक्याजवळ गेला आणि झटकन मागं आला.

भिवाजी ओट्यावरून बघतच होता. "आं? हात मागं घेतला! म्हंजी अजून पिताच की, आं?"

"आज पिलो न्हाई."

"आजचं कोन इचारतंय? जल्माचं बोला! ठेवा हात पोरीच्या डोक्यावर!"

"न्हाई ठेवनार. मी आजचंच सांगू शकतुया."

"ऐकलंस का गोजरे? आं? ह्यो बाप हाय का कोन हाय!"

गोजराबाई दारातून बाहेर आली. तिनं जयाला आपल्याकडं ओढून घेतलं आणि पदर तिच्या डोक्यावरून घेतला.

"गप रं दादा. ह्या डोक्यावर कुनाचाबी हात ठिवू देनार न्हाई मी. एक दिलं तेवढं लई झालं."

मग ती नवऱ्याकडं वळली. "आज पिला न्हाई, ते डोळं बगूनच कळतंय. पन मी येत न्हाई."

"हं-हंम्... उद्या?"

"उद्याचं मला इचारू नगा."

ती पोरीला घेऊन आत गेली. कुशाबानं टोपी सारखी केली आणि रस्त्याला लागला. तो वळणावर पोचेपर्यंत भिवाजी उभा होता, मग त्यालाच राहवलं नाही. "आं? अवो पाव्हनं! दारातनं उपाशी जाता व्हय? दोन घास खाऊन तर जावा, आं?"

कुशाबा थांबला नाही. तो जेवायला बसला असता, तर गोजराबाईला मनात नसताना वाढायला बाहेर यावं लागलं असतं.