अंबुजाबाईंचं परवाइल्ल

माझ्या सासूबाई, अंबुजाबाई, तंजावूरकडच्या मराठी. चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी कारखान्यात त्यांनी उभी हयात लष्करी गणवेश तपासले. टाका सैल दिसला की शर्ट परत. शिंपी टरकून असायचे. पण स्वतःबद्दल विचारलं की उत्तर एकच: "परवाइल्ल." चेन्नईत या तमिळ शब्दात सगळं मावतं: ठीक आहे, चालेल, काळजी नको.

स्तनाच्या कॅन्सरवर केमो सुरू झाली आणि पहिल्या दोन्ही खेपांना घरी आल्यावर उलट्या थांबेनात. फोडणीच्या वासानेही बादली लागे. गाठ लहान होत होती, पण त्या म्हणाल्या, "ऊर्मी, पुरे गे. आता मी जायची नाही."

कसंबसं मनवून तिसऱ्या खेपेला नेलं. एरवी तपासणीला त्या एकट्याच आत जायच्या. या वेळी मीही गेले. नर्स वाणीने विचारलं, "अम्मा, मागच्या वेळी उलट्या?"

"परवाइल्ल."

वाणी पुढच्या प्रश्नाकडे वळली. म्हणजे आजवर हेच उत्तर जात होतं, आणि औषधं तीच राहत होती! मी सॉफ्टवेअरवाली, चुकीची माहिती आत गेली की काय होतं ते मला ठाऊक आहे.

"आई, शिवण उसवलेला शर्ट परवाइल्ल म्हणून पास केला असता?"

त्यांनी असं पाहिलं, जणू तो शर्ट मीच शिवला होता. "छे! शिंप्याच्या तोंडावर फेकला असता."

"मग फेका."

त्या ताठ बसल्या. किती उलट्या, कशाच्या वासाने, सगळं बाहेर आलं. मळमळ अंगावर काढून अगदी शेवटी गोळी घ्यायच्या, तीही उलटून पडायची.

"अम्मा, आधी का नाही सांगितलंत?" वाणीने विचारलं.

"तू कामात होतीस, कण्णा," लेकराला म्हणावं तसं त्या तिला म्हणाल्या.

डॉक्टरांनी औषधं बदलली. केमोच्या आधीच जादा गोळी, रात्री एक, आणि मळमळ असो-नसो, पुढचे काही दिवस बाकीच्या गोळ्या ठरल्या वेळी. घरी मी फोडणी बंद केली. थोडा थोडा गार दहीभात दिला.

बादली कोरडी राहिली. शेवटी त्यांनीच ती पलंगाखालून ओढली आणि तुळशीला पाणी घालायला नेली.

पुढच्या खेपेला माझ्याआधी चपला घालून त्या दारात उभ्या.

"उलट्या?" वाणीने विचारलं.

"एकही नाही. मळमळ थोडी, दुसऱ्या दिवशी दुपारी. लिही."

"आणखी काही तक्रार?"

"आहे. माझ्या सुनेच्या दहीभातात मीठ नसतं!"