जपानच्या बाईचं पुस्तक

गुरुजींनी पुस्तक चिमट्यानं धरलं होतं. चुलीतला निखारा उचलायचा चिमटा. घरून आणला होता, खास त्याच्यासाठी. प्रार्थना संपली होती, सगळी शाळा ओळीनं उभी होती, आणि मी एकटी समोर, पायरीखाली.

"हे कुठून चोरलंस?"

"चोरलं नाही गुरुजी. जपानच्या बाईनं देलं मले."

"जपानची बाई." गुरुजी पोरांकडं पाहून हसले. मग पोरंही हसली. "जपानहून विमानात बसून बाई येईल, आणि पुस्तक देईल कुणाला? तुला. बंगल्याच्या झाडूवालीच्या पोरीला."

मी सातवीत होते. अंगात मायचं लुगडं फाडून शिवलेला परकर. पोरं हसत होती, पण माझं ध्यान चिमट्यावर होतं. त्याची टोकं पुठ्ठ्यावरच्या पोरीच्या गालात रुतली होती. चित्रातली पोरगी ती, तिला काय दुखणार. मला दुखत होतं.

आता मी शुद्ध बोलते. सारी नोकरी शिकवण्यात गेली, जिभेला वळण लागलं. पण राग आला की अजून वऱ्हाडीवर येते. आज हे लिहितानाही येऊन राह्यली, तर येऊ द्या.

आमचं गाव लोणार. आकाशातून दगड पडला आणि तळं झालं म्हणतात, म्हणून तळ्याचे दगड न्यायला दुरून माणसं यायची. काठावरच्या सरकारी विश्रामगृहात उतरायची. आम्ही त्याला बंगला म्हणायचो. माझी माय तिथं झाडायची, संडास धुवायची. बाप मी लहान असतानाच तापानं गेला होता. त्या झाडूवर आम्ही दोघी जगत होतो, आणि तो झाडू मायच्या हातात राहायचा की नाही हे कुणाच्याही एका शब्दावर होतं. खानसाम्याच्या, साहेबाच्या, गावातल्या कुठल्याही मोठ्या माणसाच्या. हे ध्यानात ठेवा. पुढं तुम्हाला मायचा राग येईल. मला आला होता.

त्या हिवाळ्यात जपानची चार माणसं आली. तीन बाप्ये, एक बाई. बाप्ये सकाळीच हातोड्या घेऊन तळ्यात उतरायचे. बाई तरुण होती. तिला आपलं पाणी बाधलं आणि ती दोन-तीन दिवस बंगल्याच्या ओसरीत खाटेवर पडून होती. शाळा सुटली की मी तिला उकळलेलं पाणी नेऊन द्यायचे. पहिल्या दिवशी मी गिलास खाली फरशीवर ठेवला आणि मागं सरले. सवयच तशी होती. तिनं मान हलवली. वाकून गिलास उचलला, माझ्या हातात दिला, आणि मग माझ्या हातातून घेतला.

घरी येऊन मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "तिले मालूम नसन आपण कोण हाओत ते."

जायच्या दिवशी तिनं पेटीतून एक जाड पुस्तक काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. डोक्यावरून हात फिरवला. काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. कुंपणाच्या मेंदीआड तेव्हा कुसुम उभी होती. कुसुम म्हणजे आमच्या गुरुजींची पोरगी, माझ्याच वर्गात. परदेशी माणसं पाहायला घरात न सांगता आली होती. तिनं सगळं पाहिलं. मी वळले तेव्हा आमची नजरानजर झाली आणि ती पळाली.

पुस्तक चित्रांचं होतं, विटेएवढं जाड. कागद खरबरीत, काही पानं गुलाबी, काही हिरवट. अक्षर एक वाचता येईना. पण चित्रं काय, कुणीही वाचतं. पोरींचे डोळे हे एवढे मोठे, आणि त्या डोळ्यांत चांदण्या काढलेल्या. मी आपलं पहिलं पान उघडलं आणि सुरू केलं.

पहिल्या पानावर एक पोरगी पाण्यावर उभी. केस मोकळे, पाय पाण्याला टेकलेले नाहीत. मेलेली आहे हे लहान पोरालाही कळावं. काठावर दुसरी पोरगी, तिला ही दिसत नाही. मग एक पोरगा तळ्यावर येतो, पाण्यातून फूल उचलून नेतो. पुढच्या पानांवर मेलेली पोरगी हळूहळू माणसात येते. तिच्या पायाला जमीन लागते. पोरगा तिचा हात धरतो. मग ती काठावरची पोरगी तिला ओळखते, दोघी भांडतात, रडतात. शेवटच्या पानावर दोघी शाळेत एका बाकावर बसून एकाच डब्यात जेवतात आणि पोट धरून हसतात. अशी गोष्ट. मला फार आवडली. मेलेलं माणूस परत येतं आणि मैत्रिणीशेजारी बसतं, याहून चांगलं काय पाहिजे.

मधल्या एका पानावर त्या दोघी रस्त्याच्या कडेला दगडी बुद्धापुढं हात जोडून उभ्या होत्या. ते पान मी मायला दाखवलं. आमच्या वस्तीनं धम्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती. गावात त्यावरून अजून टोमणे ऐकायला लागायचे. मायनं पदराला हात पुसला आणि चित्रावर बोट ठेवलं. "माय वं, हे तं आपलं हाय," म्हणाली. किती वेळ ते पान तिनं सोडलंच नाही.

वर्गात मी दाराशी बसायचे. माझी पाटी कुणाला पाहायची असली तर मी ती खाली ठेवायची, मग त्यांनी उचलायची. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण पहिलीतल्या पोरालाही पाठ होता. मधल्या सुट्टीत कुसुम माझ्यापाशी आली. म्हणाली, "दाखव नं ते पुस्तक."

मी खाली ठेवलं. वाऱ्यानं पानं फडफडायला लागली. कुसुमनं पानावर हात दाबला, मीही दाबला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिनं हात झटकला नाही. हे मला इतकं नवं होतं की मी श्वास धरून बसले.

मग बाकीच्या पोरी आल्या. पुस्तक मध्ये, आम्ही भोवती. गोष्ट मी सांगायची, कारण पुस्तक माझं. कुणी म्हणायची, "काऊन वं, भूत हाय तं उलटे पाय काऊन नाहीत?" मी म्हणायचे, "जपानचं भूत हाय, ते सरळ चालते." हसून हसून लोळायच्या. कोण कुणाला टेकून बसलं आहे याचं भान राहायचं नाही. असे पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत मला कुणी "सरक" म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी कुसुम म्हणाली, "मले एक रोज घरी नेऊ दे. सकाळी आणून देते, शपथ."

मी दिलं. तिच्या हातात दिलं, खाली ठेवलं नाही.

ते तिच्या आईला अंथरुणात सापडलं. पोरानं पोरीचा हात धरल्याची चित्रं, मेलेल्या पोरी, आणि आलं कुठून तर आमच्या वस्तीतून. गुरुजींच्या घरात, गुरुजींच्या पोरीच्या उशाखाली. गोष्ट गावात फुटायच्या आत त्यांना ती माझ्या अंगावर टाकायची होती. मी चोर ठरले की त्यांचं घर स्वच्छ. इतकं साधं होतं ते. बारा वर्षांची असतानाही मला ते कळत होतं.

म्हणून तो चिमटा. म्हणून सगळी शाळा ओळीत.

मी म्हटलं, "कुसुमनं पाह्यलं गुरुजी. बाईनं मले देताना तिनं पाह्यलं. इचारा तिले."

गुरुजींनी ओळीकडं पाहिलं. "कुसुम, तू पाहिलंस?"

कुसुम तिसरी उभी होती. लाल रिबिनी बांधलेल्या. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मी मनात म्हणत होते, बोल. वर पाह्य आणि बोल.

"नाही," कुसुम म्हणाली.

आयुष्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या. जातीवरून खाल्ल्या, बाई म्हणून खाल्ल्या. त्या सगळ्या मिळून मला जेवढ्या लागल्या नाहीत तेवढा तो एक शब्द लागला. अजून लागतो.

गुरुजींनी मायला बोलावणं धाडलं. ती झाडू हातात तसाच घेऊन धावत आली. तिनं काही विचारलं नाही. चिमटा पाहिला, पुस्तक पाहिलं, आणि समजली.

"चुकलं गुरुजी पोरीचं. बिनबापाची हाय. पदरात घ्या."

"माय," मी म्हटलं, "तुले तं मालूम हाय."

मायनं माझ्याकडं पाहिलं नाही. गुरुजींच्या वहाणांपासून हातभर लांब ती गुडघ्यावर बसली आणि जमिनीला कपाळ टेकलं. लांबच, शिवायचं नाही म्हणून. उठली तेव्हा कपाळाला माती होती. ती तिनं पुसली नाही.

"आता तू," गुरुजी मला म्हणाले. "नाक घास, 'मी चोरी केली' म्हण. नाहीतर दाखला हातात देतो."

माय खालून माझा परकर ओढत होती. "वाक नं वं बाई. वाक."

मी वाकले नाही. शूर होते म्हणून नाही. मायचं कपाळ मातीत पाहिलं आणि माझे गुडघेच ताठ झाले. म्हटलं, "म्या चोरलं नाही. म्या म्हननार नाही." छडी बसली. पुन्हा म्हटलं. पुन्हा बसली. मग मी मोजणं सोडलं, म्हणणं सोडलं नाही.

दुपारी दाखला मिळाला. वर्तणुकीच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलं होतं, चोरीची सवय आहे. अक्षर फार सुंदर होतं त्यांचं.

पुस्तक त्यांनी मातीत टाकलं होतं, ते मी उचलून घरी आणलं. दिवस मावळायला मायनं चूल पेटवली आणि एकेक पान फाडून आत घालू लागली. बंगल्यावरून कुणी झडती घ्यायला आलं तर घरात सापडायला नको म्हणून. मी हात धरला. "माय, त्याच्यात बुद्ध हाय."

"मले मालूम हाय," माय म्हणाली. ती रडत होती. "तो समजून घेईन. खानसामा नाही घेणार."

त्या जाळावर तिनं भाकर केली. मी खाल्ली नाही. तिनंही नाही.

पुढं मेहकरच्या वसतिगृहात राहून शिकले. दोन शाळांनी दाखला वाचून दार दाखवलं, तिसऱ्या शाळेतल्या हेडमास्तरांनी वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "बस वर्गात." मी शिक्षिका झाले, मुख्याध्यापिका झाले. मायचा झाडू सुटला. हे सगळं झालं, पण माझ्या पोटात ती गोष्ट बसलेली होती. शेवटच्या पानावर दोघी एका बाकावर येतात. कितीही मेलेलं असलं तरी येतात. मला खरंच वाटायचं, कुसुम एक दिवस येईल आणि म्हणेल, मी पाहिलं होतं. तेवढंच. मी वाट पाहत राहिले. नवऱ्यालाही हे कधी सांगितलं नाही.

एकदा ती लोणारच्या बसस्टँडवर भेटली. कडेवर पोर, हातात पिशवी. मी म्हटलं, "कुसुम, वळखलं का?"

"हाव, वळखलं," ती म्हणाली. "आमचे बाबा गेले मागच्या साली."

मी थांबले. वाटलं, आता म्हणते.

"येते मंग, एसटी लागली," ती म्हणाली आणि चढली. खिडकीशी बसली. गाडी हलेपर्यंत तिनं बाहेर पाहिलं नाही.

तरी मी वाट पाहणं सोडलं नाही. एवढी मी येडी.

मागच्या दिवाळीत नात पुण्याहून आली. तिच्या बॅगेत तशीच पुस्तकं. अक्षरं इंग्रजी, चित्रं जपानची. तेच डोळे, त्याच चांदण्या. मी एक उघडलं तशी ती हसली.

"आजी, उलटं उघडलंस. हे उजवीकडून वाचतात. तू डायरेक्ट शेवट काढलास."

मी विचारलं, "सगळीच?"

"जपानची सगळी अशीच असतात."

मी पुस्तक मिटलं. डोळ्यापुढं जळून गेलेलं ते पुस्तक घेतलं आणि उजवीकडून पानं उलटली. दोघी एका बाकावर बसून जेवतात, हसतात. बुद्धापुढं हात जोडतात. मग भांडतात. पोरगा हातातलं फूल पाण्यात सोडून निघून जातो. एक पाण्यात जाते. आणि शेवटी ती पाण्यावर उभी राहते, काठावर मैत्रीण उभी असते, आणि मैत्रीण तिला पाहत नाही. गोष्ट तिथं संपते. बाक आधीच होऊन गेला होता. मी शेवटाला सुरुवात समजून सारा जन्म वाट पाहिली.

मी रडले. बाईमाणूस या वयात रडतं तसं, आवाज न करता. नातीनं विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. गुरुजी, चिमटा, लाल रिबिनी, मायचं कपाळ. ती गुणाची पोर आहे. माझा हात धरून म्हणाली, "आजी, माफ करून टाक ना आता. हलकं वाटेल."

मले हलकं व्हायचं नाही.

तो दाखला माझ्याजवळ आहे. मुख्याध्यापिका झाले तेव्हा सोबतचे म्हणाले होते, अर्ज करा, दुरुस्त करून मिळेल. मी केला नाही. वाटायचं, कुसुम येईल, तिच्या साक्षीनं करू. आता तिची साक्ष नको. दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी माझ्या हातानं लिहिलं आहे : पुस्तक मला दिलं होतं. कुसुमनं पाहिलं होतं. तिनं नाही म्हटलं. खाली सही केली. दोन्ही बाजू नातीच्या हवाली करणार आहे.

मायला मी केव्हाच माफ केलं. तिला भ्यायला कारण होतं. गुरुजींना नाही, कुसुमलाही नाही.

कुसुम अजून आहे म्हणतात. उद्या दारात आली तर मी तिला पाणी देईन. हातात देईन, खाली ठेवणार नाही. पण शेजारी बस म्हणणार नाही.